अकरा वार सावली

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली, काही वर्षांपूर्वी एक दगड आला. आधी नुसता दगड होता. मग त्याला शेंदूर लागला, मग चार विटांचा ओटा झाला, ओट्यावर पत्रा, पत्र्याखाली चकचकीत फरशी, फरशीवर दानपेटी आणि शेवटी पत्र्याच्या टोकाला एक कर्णा. रस्ता तेवढा अरुंद होत गेला. नाशिक महापालिकेकडे तक्रार करणारा मी एकटाच निघालो, त्यामुळे कॉलनीत मी नास्तिक ठरलो. खरं तर देवाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. त्याच्या नावानं जागा अडवणाऱ्यांबद्दल होती, आणि अजूनही आहे.

अशा माणसानं आध्यात्मिक अनुभव लिहायला बसावं याचा मलाच संकोच वाटतो. पण शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुम्ही नाही लिहिलंत तर मी सगळ्यांना सांगेन. आणि मी सांगितलं की त्यात देवी प्रत्यक्ष येईल." तेव्हा लिहिणं भाग आहे. जे झालं तेवढंच लिहितो.

मी कॉलेजात भूगोल शिकवला. आयुष्यभर वर्गात नकाशे टांगले आणि घरी जुन्या प्रवाशांची वर्णनं वाचली. थरच्या वाळवंटातून उंटांवर बसून गेलेले मोजणीदार, व्यापारी, वाट चुकलेले साहेब असे सगळे माझ्या ओळखीचे होते. एका जुन्या पुस्तकात त्यांच्या वाटेवरच्या विहिरींचा नकाशा होता. निवृत्त झाल्यावर त्या वाटेनं एकदा तरी गाडी न्यायची, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच की शैला शाळेत शिकवते. तिला सुट्टी मिळाली ती परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलच्या शेवटी.

तिचं माहेर देवळ्याचं. जाण्याआधी तिचा धाकटा भाऊ कांद्याचं अर्धं पोतं घेऊन आला. त्यांची कांद्याची शेती, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर त्याच्याकडे कांदा हे उत्तर असतं.

"दाजी, एप्रिलात वाळवंटात कोन जातं? तिथले लोक बी आता महाबळेश्वरला गेले असतील."

"जुने लोक उंटांवरून जायचे. आपल्याकडे एसी गाडी आहे."

"त्यातले परत किती आले, ते बी पुस्तकात हाय का?"

ते पुस्तकात होतं, म्हणून मी डिकी उघडली. त्यानं पोतं डिकीत ठेवलं आणि बजावलं, "खिशात एकेक ठेवा. ऊन बाधत नाय." मग मागच्या सीटवर उशीच्या अभ्र्यात नीट गुंडाळून ठेवलेलं काहीतरी त्याला दिसलं. "ताई, देवी बी चालली का? दाजी, बेल्ट लावा तिला. आजकाल मागच्या सीटलाबी पकडत्यात."

त्या अभ्र्यात काय होतं ते सांगायला हवं. वणीच्या गडावरची सप्तशृंगी इतकी भव्य आहे की तिला नेहमीची साडी पुरत नाही. अकरा वारांचं वस्त्र लागतं. देवीला नेसवलेली ही वस्त्रं पुढे भक्तांना प्रसाद म्हणून मिळतात. असं एक लालभडक, हिरव्या काठांचं वस्त्र शैलाच्या आईला मिळालं होतं आणि तिच्यामागे ते शैलाकडे आलं. लांबच्या प्रवासाला निघताना ती ते बरोबर घेते. सोबत एका डबीत हळदकुंकू, मूठभर तांदूळ आणि एक नारळ. मी त्याला 'तिसरा प्रवासी' म्हणायचो आणि त्याला कुठे तिकीट पडत नाही याबद्दल देवीचे आभार मानायचो. शैला या विनोदांवर हसायची नाही आणि रागवायचीही नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायची.

बाडमेर मागे टाकल्यावर आम्ही हमरस्त्यावरच्या एका लॉजमध्ये मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी डांबरी रस्ता सोडून एका कच्च्या वाटेवर घातली. नकाशातली एक विहीर तिथून जवळ होती. जेवायला परत येऊ असा हिशोब होता, म्हणून पाण्याचा मोठा जार खोलीतच राहिला. बरोबर होत्या फक्त बाटल्या. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतो आणि पाणी कुठे ना कुठे असणारच असं धरून चालतो.

विहीर सापडलीच नाही. वाट आधी पुसट झाली, मग वाळूखाली गेली. मी मागे वळवायला गेलो आणि गाडीची मागची चाकं रुतली. जोर दिला तशी ती आणखी खाली गेली आणि गाडी पोटावर बसली. हातांनी वाळू उपसली, पायपुसणी चाकांखाली घातली, पुन्हा जोर दिला. वाळू उपसू तेवढी परत येत होती. शेवटी इंजिन तापलं, वाफ आली, आणि मी घाबरून अर्ध्याहून जास्त पाणी गाडीला पाजलं. गाडी काही निघाली नाही. पाणी मात्र गेलं. हातातली रिकामी बाटली बघताना काय करून बसलो ते कळलं.

फोनला रेंज नव्हती. जवळच्या टेकाडावर चढून पाहिलं, तर पुढे तशीच टेकाडं. परत आलो. वाळवंटातल्या शांततेबद्दल मी फार वाचलं होतं, त्यावर वर्गात बोललोही होतो. ती शांतता नसतेच. वाळूचे कण दारावर सारखे टिकटिक आपटत असतात, जसं कुणी नखानं वाजवत बाहेर वाट बघतंय. आकाश निळं नव्हतं, पांढरं होतं. त्या जुन्या वर्णनांत मरण एका ओळीत येतं. अमुक ठिकाणी दोन उंट आणि एक नोकर गेला, पुढच्या ओळीत वाऱ्याची दिशा. ती शैली मला नेहमी संयत वाटायची. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की आपणही कुणाच्या तरी पुस्तकात अशी एक ओळ होऊ शकतो. आणि मी नाही, शैला. कारण तिला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

गाडीत बसवेना. पत्रा हाताला चटका देत होता. जवळ खेजडीचं एक झाड होतं, म्हणजे आपली शमीच, पण चाऱ्यासाठी त्याच्या फांद्या छाटलेल्या होत्या. त्याची सावली जाळीसारखी पडली होती. शैलाला तिथे बसवलं. तिला उलटी झाली. उरलेलं पाणी घोटाघोटानं दिलं. मग मी मागच्या सीटवरचा अभ्रा ओढला. माझ्या मनात भक्ती वगैरे काही नव्हतं. गाडीत तेवढं एकच मोठं कापड होतं.

"थांबा," शैला म्हणाली. आवाज क्षीण होता, पण बाईंचा होता. "अशी नाही ओढायची तिला."

"शैला, ऊन बघ."

"बघतेय. आधी एक दगड घ्या. कुंकू लावा. पुढे तांदूळ ठेवा, नारळ ठेवा. आणि सांगा तिला."

"काय सांगू?"

"म्हणा, आई, ऊन आहे म्हणून घेतो."

अशा वेळी वाद घालण्यात जाणारा वेळ विधीपेक्षा जास्त असतो, हे मला संसारानं शिकवलं आहे. मी झाडाच्या बुंध्याशी एक दगड उभा केला. बोटानं त्याला कुंकू लावलं. तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. मग मोठ्यानं म्हणालो, "आई, ऊन आहे म्हणून घेतो." लहानपणानंतर देवाशी मी मोठ्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य. फार विचित्र वाटलं. कुणी ऐकत नाही याचं बरं वाटलं, आणि कुणी ऐकत नाही याचीच भीती वाटली.

वस्त्राचं एक टोक गाडीच्या कॅरिअरला बांधलं, दुसरं खेजडीच्या सर्वांत उंच फांदीला. काटे हातात घुसले, कापडातही घुसले. खालचा काठ उडू नये म्हणून दगड ठेवले. अकरा वार कापड दुमडून घेतल्यावर त्याखाली जाड, लाल सावली पडली. पदर वर उरला होता, तो वाऱ्यात फडफडत होता.

सावलीनं थोडा वेळ बरं वाटलं. मग मी शैलाच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. इतका वेळ तिला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि आता घाम थांबला होता. घाम थांबणं म्हणजे उष्माघात, हे मला माहीत होतं. वाचलेलं असण्याचा हा एक शाप. मी कांदे फोडून तिच्या तळपायांना चोळत बसलो, मेहुण्याला मनातल्या मनात हाका मारत. ती डोळे उघडे ठेवून समोर बघत होती, पण माझ्याकडे नाही.

मग ती हजेरी घ्यायला लागली.

हळू आवाजात, एकेक नाव. पाचवी किंवा सहावीचा वर्ग असावा. नाव घ्यायची, थांबायची, उत्तराची वाट बघायची, पुढचं नाव घ्यायची. उत्तर येत नव्हतं आणि प्रत्येक नावानंतर तिचा चेहरा जास्त कावराबावरा होत होता. "आज सगळे कुठे गेले?" ती म्हणाली. "कुणीच कसं आलं नाही?" आजवर मला इतकी भीती कशाचीच वाटलेली नाही. त्या रिकाम्या वाळवंटात ती नावं घेत होती आणि कुणी ओ देत नव्हतं. मला वाटलं, ही यादी संपली की ती जाईल.

तिनं पुढचं नाव घेतलं. मी म्हणालो, "हजर, बाई."

तिचा चेहरा जरा निवळला. पुढचं नाव. "हजर, बाई." पुढचं. "हजर." मी आवाज बदलत राहिलो, मुलांचे, मुलींचे. रडत होतो की नाही ते आठवत नाही. डोळ्यांत पाणी यायला अंगात पाणी लागतं. मधेच माझी नजर त्या कुंकवाच्या दगडाकडे गेली. देवीकडे काही मागावं असं शब्दांत सुचलं नाही. आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच तिला कळावं असं वाटलं. मी शैलाचा हात धरला आणि यादीला ओ देत राहिलो. त्यापलीकडचं सोडून दिलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं.

मी चढलो होतो त्याच्या उलट बाजूच्या टेकाडावरून एक म्हातारी बाई काठी उगारत खाली येत होती. काळा घागरा, विटकी ओढणी, हातात एकही बांगडी नाही. ती मदतीला येत नव्हती. ती भांडायला येत होती.

"ए! उतारो इसको! किसने बोला यहाँ थान बनाने को?"

थान म्हणजे देवस्थान, हे माझ्या डोक्यात शिरायला एक क्षण लागला. मी उभा राहिलो.

"ये गोचर है, हमारे गाँव का," ती जवळ येत, त्या गायरानावर काठी आपटत कडाडली. "आज चुनरी, कल चबूतरा, परसों पुजारी. फिर बकरियाँ कहाँ चरेंगी? तेरे घर में?"

महापालिकेला दिलेल्या माझ्या अर्जाचाच हा मारवाडातल्या हिंदीतला अनुवाद होता. झाडाला बांधलेलं लाल रेशीम, बुंध्याशी कुंकवाचा दगड, तांदूळ, नारळ. जे मी आयुष्यभर हटवायला निघालो होतो, ते मी स्वतःच्या हातांनी वाळवंटाच्या मध्यावर उभं केलं होतं. आणि ते हटवायला कुणीतरी धावत आलं होतं.

मी नुसतं कापडाखाली बोट दाखवलं. तिनं वाकून पाहिलं आणि काठी टाकली.

तिच्या खांद्याला गोणपाट शिवलेली पाण्याची बाटली होती. तिनं शैलाला ते पाणी प्यायला दिलं नाही. आधी डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, ओढणी भिजवून छातीवर टाकली, मग बोटानं ओठ ओले केले. हे करताना तोंड माझ्यावर चालूच होतं. "औरत को मारने लाया था यहाँ? घर में जगह नहीं थी?" मग ती टेकाडावर चढली आणि तिनं अशी काही हाक मारली की मला पुन्हा भीती वाटली. त्या टेकाडामागेच तिची ढाणी होती, चार झोपड्या आणि पाण्याचं टाकं. मी चुकीच्या टेकाडावर चढलो होतो.

तिचा दीर ट्रॅक्टर घेऊन आला. ढाणीवर शैलाला ओल्या कापडांत गुंडाळलं, चमच्यानं मीठ घातलेलं ताक दिलं. तिथून जीपनं सरकारी दवाखान्यात. सलाईन लागलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "अहो, साडी कुठाय?"

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो.

शैलाला दवाखान्यातून सोडल्यावर गाडी आणि वस्त्र घ्यायला आम्ही दोघं ढाणीवर गेलो. बाईचं नाव धापूबाई. तिच्या मागोमाग टेकाड उतरून आम्ही झाडापाशी आलो, दीरही ट्रॅक्टर घेऊन आला. वस्त्र तसंच बांधलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता, फक्त बकऱ्यांनी एक काठ चघळला होता.

"अब उतारो," धापूबाई म्हणाली.

मी उतरवलं. काट्यांनी दोन ठिकाणी फाटलं होतं. मग तिनं कुंकवाचा दगड उचलला, ओढणीनं पुसला, कपाळाला लावला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दूर वाळूत फेकून दिला. बाकीचे दगड पायानं विस्कटले. नारळ माझ्या हातात दिला. एवढी स्वच्छ पूजा मी कुठल्या देवळात पाहिलेली नाही.

शैला म्हणाली, "तो नारळ इकडे द्या." आणि शाळेतल्या हिंदीत धापूबाईला म्हणाली, "आपकी ओटी भरनी है." ओटी म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं. पदर पसरा, त्यात तांदूळ, नारळ.

धापूबाई दिरासमोर खोखो हसली. "गोदभराई? इस उमर में?"

शैलाही हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसली. मग धापूबाई गंभीर झाली आणि दोन पावलं मागे सरली. "ना बहन. मेरा आदमी कब का गया. मुझको नहीं चलता."

"हमारे यहाँ देवी की ओटी भरते हैं," शैला म्हणाली. "देवी को कोई नहीं पूछता, तेरा आदमी है क्या."

धापूबाईनं काठी खाली ठेवली. मग ओढणीचा पदर पुढे केला. तिचे हात मात्र काठी धरल्यासारखेच घट्ट होते. शैलानं डबीत उरलेले तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि तिच्या पाया पडली. मीही पडलो. गुडघ्यांनी कुरकुर केली, मनानं केली नाही. दिरानं ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली आणि उरलेले कांदे आम्ही ढाणीवर ठेवले. त्यांचं मात्र तिनं फार कौतुक केलं.

कुणी म्हणेल, ढाणी तिथे होतीच, वारा होताच, लाल रंग लांबून दिसतोच. मीही तेच म्हणेन. मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी दाजी, बेल्ट लावला व्हता?" मला वाद घालायचा नाही. मी फक्त पाहतो की सावलीसाठी टांगलेलं वस्त्र खूण झालं, आणि शैलाचा हट्ट नसता, तो दगड आणि ते कुंकू नसतं, तर लांबून ते वाळत घातलेलं एक कापडच दिसलं असतं, आणि तेवढ्यासाठी कुणी उन्हात टेकाड उतरलं नसतं. आणि पाठवायचं म्हणून कुणी पाठवलंच असेल, तर त्यानं माझ्यासाठी साधू नाही पाठवला, साक्षात्कार नाही पाठवला. माझ्याच जातकुळीचं, देवळांवर संशय घेणारं, रागावलेलं माणूस पाठवलं. कुणाला माझी इतकी नेमकी ओळख असावी, याची मला अजून थोडी भीती वाटते. पण ही भीती त्या दुपारसारखी नाही. हिच्या जवळ बसता येतं.

शरणागतीबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. तिथे ती फार सुंदर, उजळ गोष्ट असते. माझ्या वाट्याला आली ती अशी की हातात काही उरलं नाही आणि मी ओ देत राहिलो.

कोपऱ्यावरच्या कर्ण्याविरुद्ध माझा अर्ज अजून चालू आहे. त्या पिंपळाखालच्या दगडाचीही त्याबद्दल तीच तक्रार असावी, असं हल्ली वाटतं. जाता-येता मी त्याच्याकडे बघतो.

येवल्याच्या एका विणकरानं वस्त्राचा काठ पूर्ववत करून देतो म्हटलं होतं. शैला नको म्हणाली. नवरात्रात ती ते बाहेर काढते, पाटावर ठेवते आणि मला हाक मारते. मी हातातलं पुस्तक ठेवून जातो. मंत्र मला येत नाहीत. बकऱ्यांनी चघळलेल्या काठावर हात ठेवतो आणि हळूच म्हणतो, "हजर."